नावे लागली, नोंदी राहून गेल्या

माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये पूर्वी खाडी होती आणि ती होडीने ओलांडावी लागे. १८४५ मध्ये तिथे बांधरस्ता झाला, तो एका बाईंच्या पैशाने. सरकार खर्चाला तयार नव्हते, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नीने दीड लाखाहून अधिक रुपये पदरचे घातले. अट एकच, जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. त्यांचे नाव अवाबाई. तिकडे जाणाऱ्या रस्त्याला मात्र लेडी जमशेटजी रोड म्हणतात, आणि रिक्षा-टॅक्सीवाल्यांच्या तोंडी तर नुसते एलजे रोड. कृतज्ञता आहे, पाटी आहे, बाईंचे नाव तेवढे नाही.

महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये काढलेल्या महिला विद्यापीठाची गोष्ट याच्या शेजारची. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे नाव लागले, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. इथे नाव निदान आहे. पण लाखो मुली एसएनडीटीतून शिकून बाहेर पडल्या, त्यांतल्या कितीजणींना ही अक्षरे उलगडून सांगता येतील, याबद्दल मला शंका आहे.

महाराष्ट्रात बायकांच्या कर्तृत्वाची कदर कशी आणि किती झाली, हे पाहायचे तर दोन खाती वेगळी मांडावी लागतात. एक नावांचे, दुसरे नोंदींचे. नावांच्या खात्यावर गेल्या दहा-बारा वर्षांत चांगली जमा झाली. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले, २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे, २०१९ मध्ये सोलापूरच्या विद्यापीठाला अहिल्यादेवी होळकरांचे आणि २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. या प्रत्येक नावामागे वर्षानुवर्षांची मागणी होती, मोर्चे होते, निवेदने होती आणि अर्थातच मतांचे गणितही होते. त्याला नाके मुरडण्यात अर्थ नाही. पुरुषांची नावे लागली तीही काही निव्वळ भक्तीपोटी लागलेली नाहीत. प्रश्न दुसऱ्या खात्याचा आहे. या बायका काय बोलल्या, काय लिहून गेल्या, कोणाशी भांडल्या, याचे कागद कोणी जपले, कोणी शोधले, कोणी छापले? तिथे सरकार आणि समाज दोघेही हात आखडता घेतात, आणि मूठभर चिकट माणसांच्या जिवावर काम चालते. माझ्या लेखी खरा सन्मान या दुसऱ्या खात्यात मोजायचा असतो.

सावित्रीबाईंचेच पाहा. ३ जानेवारीला कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत जा. नऊवारी किंवा काठाची साडी, कपाळावर आडवे कुंकू, हातात पाटी किंवा पुस्तक अशा आठ-दहा सावित्री ओळीने उभ्या असतात आणि प्रत्येकीचे भाषण शेण-चिखलाच्या प्रसंगापाशी येऊन थांबते. हा सोहळा मला मनापासून आवडतो. जयंती इतकी घरची होणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि ते घडवले ते सत्यशोधक, आंबेडकरी आणि ओबीसी चळवळींतल्या कार्यकर्त्यांनी, सरकारी परिपत्रकांच्या कितीतरी आधी. पण भाषणातली सावित्री अंगावर शेण झेलते आणि गप्प राहते. कागदावरची सावित्री तशी नाही. 'काव्यफुले' हा तिचा संग्रह १८५४ चा. तेव्हा तिचे वय तेवीस. तिची नवऱ्याला, जोतीरावांना, लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत. त्यांतले १८६८ चे पत्र एखाद्या कादंबरीचे प्रकरण व्हावे असे आहे. नायगावात एक ब्राह्मण तरुण आणि महार समाजातली मुलगी यांचे प्रेम उघडकीस आले, मुलगी गरोदर होती, आणि गाव दोघांना मारायला उठले. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला आणि दोघांना जिवंत सोडवून पुण्याला जोतीरावांकडे रवाना केले. १८७७ चे पत्र जुन्नर भागातल्या दुष्काळाचे आहे; जनावरे मरताहेत, माणसे गाव सोडताहेत, सावकारांशी झगडा चालू आहे आणि बाई तिथे राहून मदतकार्य चालवताहेत. जमावाला कायदा सुनावणारी ही बाई कोणाही मुलीला जास्त आवडेल, पण ती भाषणात येत नाही. कारण मा. गो. माळी यांनी संपादित केलेले सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय १९८८ मध्ये छापून झाले असले, तरी ते शाळेपर्यंत पोचत नाही. पोचते ती कुंकवाची चिरी.

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या भिडे वाड्याने तर या दोन खात्यांमधले अंतर उघडेच पाडले. १८४८ मध्ये जिथे फुले दांपत्याची मुलींची शाळा भरली तो वाडा डोळ्यांदेखत ढासळत राहिला, तळमजल्यावर दुकाने चालत राहिली आणि स्मारकाचा दावा कोर्टात वर्षानुवर्षे पडून राहिला. विद्यापीठाचे नाव बदलले, विद्यापीठाच्या आवारात पुतळा बसला, तेव्हाही वाडा तसाच होता. अखेर २०२३ मध्ये निकाल महापालिकेच्या बाजूने लागला आणि त्या डिसेंबरात जीर्ण इमारत पाडून जागा स्मारकासाठी मोकळी करण्यात आली. म्हणजे स्मारकासाठी मूळ वास्तूच उरली नाही. तिची पडझड आधीच इतकी झाली होती की दुसरे काही करणे कठीणच होते, हेही खरे.

सावित्रीबाईंच्या सहकारी फातिमा शेख यांच्याबाबत नोंदींचे मोल आणखी टोकदारपणे कळते. २०२५ च्या जानेवारीत एका लेखकाने समाजमाध्यमावर जाहीर केले की फातिमा शेख हे पात्र आपणच रचले. काही दिवस मोठी धुमश्चक्री झाली. उत्तर साधे होते आणि ते छापील होते. १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात, नायगावला आजारी असलेल्या सावित्रीबाई जोतीरावांना लिहितात की आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा ताण पडत असेल, पण ती कुरकुर करायची नाही. हे एक वाक्य नसते तर ती बाई इतिहासातून पुसली गेली असती. मात्र त्याच वेळी हेही मान्य करायला हवे की त्या एका वाक्यावर आपण भरपूर इमले चढवले आहेत. ९ जानेवारी ही जन्मतारीख, तिच्या शिक्षणाचे आणि कामाचे तपशील हे सगळे आपण ठामपणे फलकांवर छापतो, त्याला कागदाचा आधार नाही. सन्मानाच्या घाईत रिकाम्या जागा भरल्या की पुढे कोणीतरी त्याच जागांवर बोट ठेवून सगळेच खोटे म्हणायला मोकळा होतो.

ताराबाई शिंदे यांच्या बाबतीत नशीब दुसऱ्या बाजूने आले. बुलढाण्याची ही मराठा घरातली बाई, वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्य करण्यात आली, आणि वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर प्रवचने सुरू झाली. ताराबाईंनी संतापून 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली आणि १८८२ मध्ये पुण्यात छापली. त्यात पुरुषांना विचारलेले प्रश्न आजही घरात मोठ्याने वाचायची सोय नाही. टीका इतकी झाली की जोतीरावांना आपल्या 'सत्सार'मधून त्यांची बाजू घ्यावी लागली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक नाही, आणि हे पुस्तकही नजरेआड झाले. जवळजवळ शतकभराने, १९७५ मध्ये, स. गं. मालशे यांनी त्याची प्रत मिळवून ते पुन्हा प्रसिद्ध केले. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते, भाषणांना तोटा नव्हता. त्या वर्षातली किती भाषणे आज कोणाला आठवतात? मालश्यांचे ते काम मात्र उरले. १९९४ मध्ये रोझालिंड ओ'हॅनलन यांचे इंग्रजी भाषांतर आले आणि जगभरच्या विद्यापीठांत ताराबाई वाचल्या जाऊ लागल्या. बुलढाण्याच्या बाईचे पुस्तक ऑक्सफर्डच्या वर्गात आणि बुलढाण्याच्या किती वर्गांत, हा खवचट प्रश्न इथे विचारून ठेवतो.

१८८२ हे सालच मजेदार आहे. ताराबाईंचे पुस्तक त्याच वर्षी, पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' त्याच वर्षी, आणि त्याच वर्षी रमाबाई शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे उभ्या राहून मुलींसाठी शिक्षिका आणि बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात असे सांगतात. वय चोवीस. संस्कृतावर असा ताबा की कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेले. पुण्याने त्यांना डोक्यावर घेतले होते. मग १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि चित्र बदलले. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आले, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळात होते. विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात या वादावरून १८९३ मध्ये सल्लागार बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या आणि 'केसरी'ने यथेच्छ झोडपले. रमाबाई केडगावला गेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायका गोळा करून त्यांनी तिथे मुक्ती सदन उभारले. शेती, विणकाम, छापखाना सगळे बायकांच्या हाती. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले आणि त्याची छपाईही तिथल्याच बायकांनी केली.

इतके करूनही रमाबाई कोणाच्याच नाहीत. हिंदू सुधारकांच्या यादीत त्या अर्ध्या वाटेवर गळतात, ख्रिस्ती मंडळींना त्या फार स्वतंत्र बुद्धीच्या वाटल्या, आणि ज्यांच्यामागे मते आहेत असा समाज त्यांच्यामागे नाही. १९८९ मध्ये टपाल तिकीट निघाले. मीरा कोसंबी आणि उमा चक्रवर्ती यांच्या अभ्यासामुळे इंग्रजीत त्यांचे मोठे काम उभे राहिले. मराठीत त्यांचे नाव आदराने घेतात आणि पान उलटतात. पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगाव स्टेशन लागते, संस्था अजून चालू आहे. ज्यांच्या नावाने विद्यापीठ व्हावे अशा बायकांची यादी करायची झाली तर मी पहिले नाव त्यांचे लिहीन, आणि ते होणार नाही याची मला खात्री आहे.

दोन डॉक्टरांची तुलनाही बोलकी आहे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून पदवी घेऊन परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षे पूर्ण होण्याआधी गेल्या. कोल्हापूरच्या इस्पितळातली नेमणूक तशीच राहिली. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले, श्री. ज. जोश्यांची 'आनंदी गोपाळ' घराघरांत पोचली, मग नाटक, २०१९ मध्ये सिनेमा. दुसऱ्या डॉक्टर रखमाबाई. त्यांनी लहानपणी लागलेले लग्न नाकारले, कोर्टात तुरुंगाची धमकी झेलली, लंडनला शिकल्या आणि सुरत-राजकोटला तीसहून अधिक वर्षे बायकांवर उपचार केले. १९५५ पर्यंत जगल्या. त्यांच्यावरही पुस्तके आहेत, एक चित्रपटही आहे, पण आनंदीबाईंच्या मानाने त्यांचे नाव मागेच राहते. आपल्याला अकाली गेलेली, नवऱ्याच्या हट्टाने घडलेली नायिका जवळची वाटते. नवऱ्याला नकार देऊन पन्नाशी-साठीपर्यंत दवाखाना चालवणारी बाई अडचणीची. हे आनंदीबाईंना उणेपणा आणण्यासाठी म्हणत नाही. काशीबाईंनी त्यांची पत्रे वेळेवर मिळवून छापली, हा त्यांच्या बाजूचा मोठा योग होता. (आणि त्या काशीबाईंचे स्वतःचे आत्मचरित्र सरोजिनी वैद्यांनी १९७९ मध्ये उजेडात आणले. एकीचे कागद दुसरीने जपायचे, ही आपल्याकडची जुनी रीत.)

कागदच नसतील तिथे काय करायचे, याचे उत्तम उत्तर ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी दिले. आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात बायका 'मोठ्या संख्येने उपस्थित' असत, नावे नसत. या दोघी त्यांना शोधत गेल्या, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांसमोर बसल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' छापले. नागपूरच्या गिरणीत काम करून कामगारांची बाजू मांडणाऱ्या राधाबाई कांबळे, मुलींची शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी, १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, नाशिकच्या शांताबाई दाणी या त्या पुस्तकामुळे नावानिशी उभ्या राहतात. आणखी दहा वर्षे उशीर झाला असता तर यांतल्या कित्येकींचे शब्द कायमचे गेले असते. त्याआधी तीन वर्षे शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' आणि बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' ही आत्मकथने आली होती. बेबीताईंचे फलटणला छोटे किराणा दुकान होते. माल बांधायला आणलेल्या रद्दीतली वर्तमानपत्रे त्या वाचत, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा वहीत लिहीत. घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून ती वही त्यांनी वर्षानुवर्षे लपवून ठेवली. मॅक्सीन बर्नसन यांच्या पाहण्यात ते लिखाण आले, 'स्त्री' मासिकाने छापले, तेव्हा कुठे ते बाहेर पडले. त्या लपवलेल्या वहीवर आज देशोदेशी प्रबंध होतात.

याहून मोठा आणि कमी बोलला गेलेला उद्योग म्हणजे जात्यावरच्या ओव्या. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशीच्या डोंगरी भागातल्या बायकांबरोबर संघटनेचे काम करता करता ओव्या टिपायला सुरुवात केली. बघता बघता हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. माझ्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट आकडा नाही. ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव, जात, काम हेही लिहून ठेवले. लोकगीत म्हटले की कर्ता अज्ञात, असे आपण वर्गात शिकलो. इथे पहिल्यांदा ती अज्ञात बाई नावाने सापडली. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने २०१७ पासून हा ठेवा ध्वनिफिती आणि छायाचित्रांसह लोकांसमोर आणला. बहिणाबाईंचे तरी काय? सोपानदेवांनी आईच्या तोंडची गाणी टिपून ठेवली नसती, आचार्य अत्र्यांनी ती वही पाहून १९५२ मध्ये छपाईचा आग्रह धरला नसता, तर जळगावच्या विद्यापीठाला द्यायला नावच नव्हते.

कलेच्या क्षेत्रात धावती नजर टाकली तरी पुरे. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी सरस्वतीबाई फाळके दागिने गहाण टाकत, दिवसा साऱ्या चमूचा स्वयंपाक करत आणि रात्री अंधारात कच्च्या फिल्मला भोके पाडत. पितामह एकच ठरले. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव देते. स्वतः विठाबाईंचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. साहित्य संमेलन १८७८ ला सुरू झाले, पहिली महिला अध्यक्ष, कुसुमावती देशपांडे, १९६१ मध्ये मिळाली. २०२५ च्या दिल्लीतल्या अठ्ठ्याण्णवाव्या संमेलनापर्यंत अध्यक्षपद सहा जणींना मिळाले, सहाव्या तारा भवाळकर. त्यांतली दुर्गाबाई भागवतांची १९७५ ची कऱ्हाडची कारकीर्द एकटीच अनेकांच्या तोलाची, कारण आणीबाणीविरुद्ध त्या सत्ताधाऱ्यांच्या समोर बोलल्या.

राजकारणात आणखी एक गोम आहे. स्वातंत्र्यलढ्यातल्या ज्या बायकांवर खटले झाले त्यांची माहिती टिकली, कारण पोलिसांनी फायली जपल्या. १९४२ मध्ये मुंबईत गुप्त रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहतांचे काम खटल्याच्या कागदांत तपशीलवार आहे. साताऱ्याच्या प्रतिसरकारातल्या भूमिगतांना रानात भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या बायकांवर खटले भरले गेले नाहीत, म्हणून त्यांची फाइलही नाही आणि पुढे बहुतेकींना ताम्रपटही नाही. गोदावरी परुळेकरांनी वारल्यांच्या लढ्यावर 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिले म्हणून तो लढा आणि त्यातल्या बाया दिसतात. मृणाल गोऱ्यांनी १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात अहिल्या रांगणेकरांसह लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आणल्या. पाण्यासाठी इतके भांडल्या की लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणत. गोरेगावात त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. एखाद्या जलकुंभाला नाव दिले असते तर जास्त शोभले असते. गोव्याला १९७३ मध्येच शशिकला काकोडकरांच्या रूपाने महिला मुख्यमंत्री मिळाली. महाराष्ट्राने राष्ट्रपतिपदापर्यंत प्रतिभा पाटलांना पोचवले, पण मुख्यमंत्रिपदावर अजून एकही बाई बसवलेली नाही.

खालच्या पायरीवर मात्र मोठी उलथापालथ झाली, आणि तिचा इतिहास लिहिण्याचे काम जवळजवळ कोणी हाती घेतलेले नाही. शेतकरी संघटनेच्या १९८६ च्या चांदवड मेळाव्यानंतर गावोगावी बायका बोलू लागल्या, लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत सातबारावर बायकोचे नाव चढू लागले, जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला १९८९ मध्ये महिलांचे पॅनेल निवडून आले. मग त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा आल्या, २०११ पासून निम्म्या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहायचा सरकारी निर्णयही झाला. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात भिंतीवर आजी-माजी सरपंचांचा फलक असतो. वरून वाचत आलात तर कितीतरी ओळी श्री., श्री., श्री.; नव्वदीनंतर मध्येच एखादी सौ., आणि पुढे सौ. आणि श्रीमतींची दाटी. फलकावर नाव आणि मुदत एवढेच. ती बाई बिनविरोध आली की भांडून, अविश्वास ठराव तिच्यावर का आला, दारूचे दुकान बंद करण्याच्या मतदानात ती कुठे उभी होती, यातले काही तिथे नाही. 'सरपंचपती' या शब्दावर विनोद करून आपण तो विषय निकालात काढतो.

पहिल्या खेपेला निवडून आलेल्या या बायका आता साठी-सत्तरीत आहेत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी केले तसे काम तालुक्याच्या महाविद्यालयातल्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना सहज करता येईल. लागतो तो मोबाइलवरचा रेकॉर्डर आणि दोन दुपारी. विचारायचे प्रश्नही फार नाहीत. पहिल्या सभेत खुर्चीवर कोण बसले, इतिवृत्त कोणी वाचून दाखवले, सही कधी शिकलात, ग्रामसेवक कोणाशी बोलायचा, आणि पंचायतीचा शिक्का नवऱ्याच्या खिशातून तुमच्याकडे आला तो कोणत्या साली.